एक पूर, चार नावा

शतपथ ब्राह्मणात मनूची गोष्ट येते. हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात त्याला एक इवलासा मासा सापडतो. मला सांभाळ, पुढे मी तुला तारीन, असं तो मासा म्हणतो. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात सोडतो. पूर येतो तेव्हा मनू नावेत बसतो, नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो आणि मासा ती नाव उत्तरेच्या पर्वताकडे ओढत नेतो. नाव केवढी होती, कशाची होती, याविषयी गोष्टीत अवाक्षर नाही. शिंग आणि दोर मात्र आहेत. मेसोपोटेमियातल्या गिलगमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीत असाच पूर येतो, पण तिथे देव नावेचं माप सांगतो. तिची लांबी-रुंदी सारखी, भिंती एकशेवीस हात उंच आणि आत एकूण सात मजले. म्हणजे पाण्यावर तरंगणारा एक प्रचंड ठोकळाच. त्याहून जुनी एक बॅबिलोनी पाटी ब्रिटिश म्युझियमच्या आयर्विंग फिंकल यांनी वाचली आणि २०१४ साली पुस्तकातून लोकांपुढे आणली. तिच्यातली नाव गोल आहे. दोरखंडाची वेटोळी एकावर एक रचून केलेली, डांबराने लिंपलेली, अवाढव्य टोपलीसारखी. आणि बायबलमधल्या नोहाचं तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच, तीन मजल्यांचं. एक पूर आणि चार नावा.

या चारही गोष्टी सहावी-सातवीच्या वर्गाला, कुठलंही चित्र न दाखवता, नुसत्या सांगाव्यात आणि मग कागद वाटावेत. एरवी ‘नाव काढा’ म्हटलं की वर्गभर एकच नाव उगवते. खाली अर्धचंद्र, वर त्रिकोणी शीड, मागे दोन डोंगर आणि त्यांच्या मधोमध सूर्य. इथे ती ठरीव नाव कामाला येत नाही. ठोकळ्यासारखी नाव काढायची तर आतले सात मजले दाखवायचे कसे? भिंत पारदर्शक करायची की कापून काढायची? गोल नावेला पुढची बाजूच नसते, मग ती कुठे चालली आहे हे पाहणाऱ्याला कळायचं कसं? की ती कुठेच चाललेली नाही, नुसती तग धरून आहे? मनूच्या गोष्टीत तर खरं चित्र नावेपेक्षा दोराचं आहे. मासा केवढा, दोर किती ताणलेला, मनू माशाकडे पाहतो आहे की मागे बुडणाऱ्या जगाकडे? यातल्या प्रत्येक प्रश्नाची दोन-तीन उत्तरं संभवतात आणि त्यांतलं एक मुलाला स्वतः पत्करावं लागतं. जगातल्या पुराणकथा चित्रकलेच्या तासाला आणाव्यात असं मला वाटतं ते एवढ्यासाठी. सामान्यज्ञान वाढावं हा हेतू नाही, आणि सगळ्या संस्कृती आतून एकच आहेत असा उपदेश करणं हा तर नाहीच. त्या एक नाहीत, यातच त्यांचं मोल आहे. एकच घटना निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी पाहिली हे समोर आलं, की चित्र काढणं म्हणजे निवड करणं हे मुलाच्या हाताला कळतं.

यावर पहिला आक्षेप कलाशिक्षणाच्या आतूनच येतो. फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली व्हिएन्नामध्ये मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला, तेव्हापासून एक विचार जगभर रुजला. मुलाची कल्पना स्वयंभू असते, तिला मोठ्यांच्या चित्रांचा वारा लागू देऊ नये, शिक्षकाने शक्य तितकं बाजूला राहावं. आपल्याकडेही देवीप्रसाद यांनी १९४४पासून सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत मुलांच्या स्वयंस्फूर्तीला फार मोठं स्थान दिलं. मोजपट्टी आणि नक्कल यांच्या जाचातून मुलांना ज्यांनी सोडवलं, त्या सगळ्यांचं ऋण मोठं आहे. पण त्या विचारातला एक भाग पुराव्यावर टिकला नाही. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकेतल्या अभ्यासक दांपत्याने १९७०च्या दशकात किशोरवयीन मुलांच्या चित्रांचा माग काढला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक आकृतीमागे आधी पाहिलेलं कुठलं तरी चित्र निघालं. कधी कॉमिक्समधलं, कधी टीव्हीवरचं, कधी शेजारच्या बाकावरच्या मित्राचं. मूल चित्रांतूनच चित्र शिकतं, जसं बोलण्यातून बोलणं शिकतं. शिक्षक बाजूला सरकला म्हणून मुलाच्या डोक्यात मोकळी जागा तयार होत नाही. तिथे कार्टून आणि मोबाइलवरचे खेळ आधीच येऊन बसलेले असतात. म्हणून मुलाला चित्रं दाखवावीत की नाही हा वादच मला फोल वाटतो. त्याला किती तऱ्हेची चित्रं दिसतात, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे ही तऱ्हा फार अरुंद झाली आहे आणि त्याला इतिहास आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छापील चित्रांनी घराघरांत देव पोहोचवले, ज्यांना मंदिराची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही घरांत. हे काम थोरच. पण त्याबरोबर लक्ष्मी म्हणजे अमुकच साडी, अमुकच चेहरा, हेही ठरून गेलं. वेरूळच्या कैलास लेण्यात शिरताना समोरच गजलक्ष्मी आहे, कमळांच्या तळ्यात बसलेली, वर घागरी घेतलेले हत्ती. आजच्या मुलाला ही लक्ष्मी आहे असं सांगावं लागतं. हजारो वर्षं नाना रूपांत वावरलेली देवता सव्वाशे वर्षांत एका छापात येऊन बसली. तो छाप सैल करायचा तर दुसऱ्या लोकांनी आपल्या देवतांना कशी रूपं दिली हे दाखवण्याइतका सौम्य उपाय दुसरा नाही. आपल्या देवतेला धक्का न लावताही ‘रूप असंही देता येतं’ हे त्यातून कळतं.

आता मुलांच्या चित्रांकडेच नीट पाहू. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे, की साधारण सात ते नऊ वर्षांची मुलं एकाच चित्रात निरनिराळ्या वेळच्या घटना एकत्र काढतात आणि भिंतीतून घराच्या आतलंही दाखवतात. शाळेत याला चूक म्हणतात. एक माणूस एकाच चित्रात दोनदा कसा, असं विचारून लाल रेघ मारली जाते. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेलं एक वर्तुळ आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्यात रुरू मृगाच्या जातकाची गोष्ट आहे. खाली नदीत हरीण बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन पोहतं आहे, उजवीकडे वर राजा त्याच हरणावर धनुष्य रोखून उभा आहे, आणि मधोमध तोच राजा त्याच हरणापुढे हात जोडून आहे. उपकार, विश्वासघात आणि पश्चात्ताप असे तीन प्रसंग एका ताटाएवढ्या गोलात बसले आहेत. चौकटी नाहीत की बाण दाखवून क्रम लावलेला नाही. मधलं हरीण एकच, पण बाणाचं लक्ष्यही तेच आणि राजाला उपदेश करणारंही तेच. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात स्पार्टाकडचा एक मद्याचा पेला आहे, इसवीसनापूर्वी साधारण ५५०चा. त्यावर एकडोळ्या राक्षस पॉलिफीमस बसला आहे. हातात नुकत्याच खाल्लेल्या माणसाचे पाय, तोंडाजवळ ग्रीक वीर ओडिसियसने पुढे केलेला प्याला, आणि त्याच क्षणी चौघा जणांनी धरलेला वासा त्याच्या डोळ्यात घुसतो आहे. गोष्टीत राक्षस आधी माणसं खातो, मग पितो, मग झोपतो आणि झोपेत त्याचा डोळा फोडला जातो. चित्रकाराने काळाची घडी घालून सगळं एका ठिकाणी आणलं. भारहूतचा शिल्पी आणि स्पार्टाचा चित्रकार एकमेकांना ठाऊक नव्हते, पण दोघांनी जो तोडगा काढला तोच आठ वर्षांचं मूल काढतं. ही दोन चित्रं वर्गात लावली तर लाल रेघ मारणाऱ्या हाताला थांबावं लागेल. आणि मुलालाही कळेल, की आपण जे नकळत केलं ते जाणूनबुजूनही करता येतं.

उलट टोकाचं उदाहरणही दाखवायला हवं. ट्रॉयच्या युद्धातला वीर अजॅक्स अपमान सहन न होऊन आपल्याच तलवारीवर पडून मरतो. हा प्रसंग अनेक ग्रीक कलावंतांनी काढला तो तलवार आरपार गेलेल्या देहाचा. एक्सेकियास या अथेन्सच्या चित्रकाराने एका कुंभावर (आज तो फ्रान्समधल्या बूलोन्यच्या संग्रहालयात आहे) त्याच्या आधीचा क्षण घेतला. अजॅक्स एकटाच ओणवा बसून जमिनीत तलवार रोवतो आहे, तिच्या बुडाशी माती थापतो आहे. एका बाजूला त्याचं शिरस्त्राण आणि ढाल, दुसऱ्या बाजूला एक ताडासारखं झाड. रक्ताचा थेंब नाही, पण ते चित्र विसरता येत नाही. आता एकलव्याची गोष्ट घ्या. आपल्या पुस्तकांत ती बहुधा एकाच चित्रात असते. द्रोणाचार्य उभे, एकलव्य गुडघ्यावर, पुढे केलेला अंगठा. पण त्या गोष्टीत किती क्षण आहेत! मातीची मूर्ती घडवणारे हात आहेत, बाणांनी तोंड शिवलेला कुत्रा आहे, गुरूंनी दक्षिणा मागितली त्या वेळचा अर्जुनाचा चेहरा आहे, आणि नंतर चार बोटांनी प्रत्यंचा ओढून पाहणारा एकटा एकलव्यही आहे. एक्सेकियासचा कुंभ पाहिलेल्या मुलाला ‘यातला कुठला क्षण काढशील?’ असं विचारलं तर त्याच्या उत्तरात चित्रविचारही असेल आणि न्यायविचारही. कुठला क्षण घेतला यावरून चित्रकार कोणाच्या बाजूला उभा आहे हे ठरतं, आणि ते व्याख्यान देऊन मुलांना शिकवता येत नाही.

चित्राबरोबर सांगणंही यायला हवं, कारण पुराणकथेचं चित्र मुळात तोंडी सांगण्याचा साथीदार आहे. यासाठी दूर जायला नको. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सुट्या कागदांवरच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं गातो. ही कला जगवण्यासाठी परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जपानमध्ये १९३०च्या दशकात गल्लोगल्ली सायकलवर कामिशिबाईवाले फिरत. लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे, मजकूर पुठ्ठ्यांच्या पाठीवर, आणि मुलांना गोळ्या विकून गोष्ट सांगायची. त्यातली एक युक्ती वर्गात सोन्यासारखी उपयोगी आहे. पुठ्ठा झटकन न काढता अर्धाच सरकवायचा, म्हणजे पुढच्या चित्राची नुसती कड दिसते आणि ऐकणारा श्वास रोखतो. मुलांनी आठ-दहा चित्रांची पोथी केली आणि ती स्वतः उभं राहून सांगितली, की चित्रात जे आलेलं नाही ते शब्दांनी भरावं लागतं हे त्यांना तिथल्या तिथे कळतं. जे आधीच दिसतं आहे ते पुन्हा बोलून दाखवलं तर समोरचे कंटाळतात, हेही कळतं. निबंधाच्या तासाला वर्षभर सांगून जे साधत नाही ते एका सादरीकरणात साधतं.

याच्या उलट, आपल्या शाळांत वारली चित्राचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. दोन त्रिकोणांचा माणूस, गोलाकार तारपा नाच, गेरूच्या रंगाची भिंत, आणि वारली झाली! जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली तेव्हा त्यांनी नुसती नक्षी आणली नव्हती, त्यांच्या समाजाच्या कथाही आणल्या. कणसरी ही धान्याची देवी कोण, हे न सांगता मुलांकडून त्रिकोण गिरवून घेणं म्हणजे व्याकरण शिकवायचं आणि भाषा नाही शिकवायची.

सगळ्यात जोराने येणारा आक्षेप वेगळा आहे. आपल्या मुलांना आपल्याच गोष्टी धड येत नाहीत, त्यात ग्रीक आणि बॅबिलोनी कशाला? अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली ती याच तळमळीने. दिल्लीच्या दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांविषयी उत्तरं देता आली, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, असं ते सांगत. त्यांचं दुखणं खरं होतं आणि त्यांनी त्यावर केलेलं कामही मोठं. पण दोष ग्रीक गोष्टींचा नव्हता, आपल्या गोष्टी मुलांपर्यंत न पोचवणाऱ्या शिक्षणाचा होता. परक्या गोष्टीने आपली गोष्ट मागे पडते असं नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा मराठी माणसाच्या हातचा आहे. धुंडिराज गोविंद फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले होते, रविवर्मांच्या छापखान्यात त्यांनी काम केलं होतं. १९१०च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशूच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर येशू असताना त्यांना मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसू लागली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’. दुसऱ्याची पुराणकथा दृश्यरूपात पाहिल्यामुळे आपली दाखवण्याची वाट सापडली. दुर्गाबाई भागवतांनी सात खंडांत जातकं मराठीत आणली, तेव्हा मराठी वाचकाचं काही कमी झालं नाही. मनूची गोष्ट माहीत असलेल्या मुलालाच गोल नावेचं नवल वाटतं, म्हणून आपली गोष्ट आधी हवी हे मला मान्य आहे. आधी हवी, पण एकटी नको.

तिसरा आक्षेप असा, की पुराणकथांत हिंसा आहे, स्त्रियांवरचा अन्याय आहे, जातीचा माज आहे. मग त्या मुलांपुढे का ठेवायच्या? हा आक्षेप हलका नाही. पण गाळून, गोड करून सांगितलेल्या गोष्टीत अन्याय जातो कुठेच नाही, फक्त तो बोलून दाखवायची जागा जाते. लोकपरंपरेने हे कधीच ओळखलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सीतेच्या वनवासाचं दुःख बायांनी आपलं म्हणून गायलं आहे. बंगालच्या पटचित्र परंपरेतल्या मोयना चित्रकार यांनी संहिता अर्णी यांच्या शब्दांसह २०११ साली सीतेच्या तोंडून सांगितलेलं चित्ररामायण केलं. गोष्ट तीच, डोळे सीतेचे. मुलांना ‘हीच गोष्ट शूर्पणखेच्या बाजूने चार चित्रांत सांगा’ असं सांगितलं तर ती बिघडणार नाहीत, विचार करतील. वयाचं भान मात्र हवं. आठ वर्षांच्या मुलापुढे प्रत्येक कथा ठेवायची नाही, आणि हा विवेक यादीने ठरत नाही, शिक्षकानेच तो करायचा असतो.

चौथ्या आक्षेपापुढे मला थांबावंसं वाटतं. पुराणकथा काही लोकांसाठी कथा नसते, जिवंत श्रद्धा असते. ती आपण चित्रकलेचा विषय म्हणून कशी उचलायची? ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पापुन्या वस्तीत १९७१ साली जेफ्री बार्डन हे शिक्षक आले. शाळेत मुलांना पाश्चात्त्य धर्तीची चित्रं काढावी लागत, पण तीच मुलं शाळेबाहेर वाळूत बोटांनी खुणा काढत गोष्टी सांगत. बार्डन यांनी त्या खुणांना महत्त्व दिलं आणि त्यातून समाजातल्या वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पुराणकथेचं मोठं चित्र रंगवलं. आधुनिक आदिवासी चित्रकलेची एक मोठी चळवळ त्या भिंतीपासून सुरू झाली. पण पुढे याच चित्रकारांच्या काही फळ्यांवर दीक्षा न झालेल्यांनी पाहू नयेत अशा विधींच्या खुणा आल्या, शेजारच्या समाजांनी हरकत घेतली, आणि मग चित्रकारांनी त्या खुणा वगळल्या किंवा ठिपक्यांआड झाकल्या. शाळेच्या भिंतीवरचं मूळ चित्र अधिकाऱ्यांनी रंग फासून पुसून टाकलं. यातून शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्यात. ज्या लोकांची कथा त्यांनी जे उघड केलं आहे तेवढंच आपलं, आणि ज्या खुणा पूजेच्या आहेत त्या वर्गात गिरवून घ्यायच्या नाहीत. वारली लग्नातला चौक सवाशिणी विधी म्हणून लिहितात. तो शाळेच्या कुंपणावरची किनार होऊ नये. कथा ऐकावी, तिच्याविषयी स्वतःचं चित्र काढावं, दुसऱ्याचं पवित्र चिन्ह उचलू नये. एवढं पाळलं तर दुसऱ्याच्या श्रद्धेची ओळख तिचा मान ठेवूनच होते.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि शाळांतले चित्रकला शिक्षक तो पोटतिडकीने मांडतात. आठवड्याला एक-दोन तास, त्यातही परीक्षा जवळ आल्या की तो तास गणिताला जातो. आणि जी मुलं मन लावून चित्रं काढतात ती एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या तयारीत गुंतलेली असतात, कारण त्यांतल्या श्रेणीचे गुण दहावीला मिळतात. या शासकीय रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत चित्रकलेला जी प्रतिष्ठा दिली ती इतर राज्यांना हेवा वाटावा अशी आहे. त्यांत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, भूमिती आणि अक्षरलेखन आहे. एकापाठोपाठच्या चित्रांतून गोष्ट सांगायला लावणारी प्रश्नपत्रिका मात्र नाही. अजिंठा, वेरूळ आणि पिंगुळी ज्या राज्यात आहेत तिथल्या चित्रकलेच्या परीक्षेत कथाचित्र नसावं, हे मला पटत नाही. जी परीक्षेत येत नाही ती गोष्ट आपल्या शाळांत शिकवली जात नाही हे आपण सगळेच जाणतो. म्हणून शिक्षण खात्याला आणि कला संचालनालयाला विनंती आहे, की इंटरमीजिएटला कथाचित्राची एक प्रश्नपत्रिका जोडावी. एक कथा वाचून दाखवावी, एकदा आपली तर एकदा जगातल्या दुसऱ्या कुठल्या लोकांची, आणि चार चौकटींचा कागद द्यावा. गुण सुबक रेषेला द्यावेतच, पण क्षणाच्या निवडीलाही द्यावेत. तोवर शिक्षकांनी परवानगीची वाट पाहू नये. येत्या सत्रात दोन तास मोकळे करावेत आणि मुलांना पुराची गोष्ट चारही तऱ्हांनी सांगावी.